सॉफ्टवेअरचं लायसन्स: कोल्हापुरातले कारखाने, प्रेस आणि सॉफ्टवेअरवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, उद्यमनगरातले जॉबवर्कवाले, शहरातले डीटीपी आणि फ्लेक्सवाले, आणि या सगळ्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या छोट्या कंपन्या. या मंडळींकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सॉफ्टवेअर विकतचं घ्या नाहीतर ओपन सोर्स, आमचा आग्रह एका गोष्टीचा आहे: आज केलेली फाईल दहा वर्षांनी, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा तुम्हाला उघडता आली पाहिजे.

पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलं, म्हणजे ते माझं झालं ना?

नाही. तुम्हाला मिळते ती वापरायची परवानगी. किती मशीनवर, किती माणसांनी, धंद्यासाठी की घरी, किती काळ, हे सगळं लायसन्सच्या अटींत लिहिलेलं असतं. पूर्वी एकदा घेतलं की ती आवृत्ती कायम चालायची. ॲडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली, ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवी कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. भाडं थांबलं की फाईल तुमच्याकडेच राहते, ती उघडणारा प्रोग्रॅम मात्र बंद होतो. भाड्याचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रत्येक काम संपल्यावर त्याची एक प्रत खुल्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवायची सवय लावा. वर्षाअखेरीला सगळं एकदम काढू म्हटलं की ते कधीच होत नाही.

दुकानदाराने नव्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज 'टाकून' दिलं. ते खरं आहे का, कसं बघायचं?

सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे फक्त चालू आहे की नाही एवढंच कळतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर, एक स्पेस, तिरकी रेघ, डीएलआय असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर मारा. एक छोटी खिडकी येईल. तिच्यात 'चॅनल' या शब्दाच्या आधी काय लिहिलंय ते बघा.

ओईएम असेल तर ते मशीनसोबत आलेलं लायसन्स. रिटेल असेल तर सुटं घेतलेलं. 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' (व्हॉल्यूम म्हणजे संस्थेने एकगठ्ठा घेतलेलं लायसन्स) असं दिसलं तर मात्र थांबा. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची सोय आहे. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून ॲक्टिव्हेशन होतं, त्यासाठी किमान २५ मशीन लागतात आणि दर १८० दिवसांच्या आत ते नव्याने व्हावं लागतं. तीन कॉम्प्युटरच्या दुकानात असा सर्व्हर असण्याचं कारणच नाही. तिथे केएमएस दिसलं तर क्रॅक मारलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. रिटेल दिसलं म्हणजे खरंच आहे असं नव्हे, आता क्रॅक करणारे तसंही दाखवतात. शेवटी पुरावा म्हणजे बिल, आणि त्या बिलावर विंडोजची वेगळी ओळ.

ऑनलाइन हजार रुपयांच्या आत विंडोजची की मिळते. घ्यावी का?

घेऊ नये. त्यातल्या बऱ्याच कीज कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातल्या असतात आणि त्या सुट्या विकायचा अधिकार विकणाऱ्याला नसतो. की चालते, पुढे कधीतरी ब्लॉक होते, आणि हातात लायसन्सही नाही नि पैसेही नाहीत.

मदरबोर्ड जळाला, बदलला. विंडोज पुन्हा घ्यावं लागेल का?

ओईएम असेल तर बहुतेक हो, कारण ते त्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. वॉरंटीत त्याच कंपनीने तसाच बोर्ड बदलून दिला तर अडचण येत नाही. रिटेल असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं, फक्त जुन्या मशीनवरचं काढायचं. भर उन्हाळ्यात विजेच्या चढउताराने बोर्ड जाणाऱ्या भागात हा फरक खरेदीच्या वेळीच लक्षात घेतलेला बरा.

क्रॅक वापरलं तर कायद्याने खरोखर काय होतं?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीतच मोडतात. कलम ६३-बी खास यासाठीच आहे: बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर कोर्टाला कैद टाळून ५० हजारांपर्यंत नुसता दंड करता येतो. वर्कशॉप, प्रेस, सायबर कॅफे यांना ही सवलत लागू होत नाही.

याच कायद्याचं कलम ५२ तुमच्या बाजूनेही आहे. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवणं गुन्हा नाही.

विद्यार्थी आवृत्तीवर कंपनीचं ड्रॉइंग केलं तर? 'फ्री' सॉफ्टवेअर ऑफिसात चालतं का?

पोरगं इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड फुकट मिळालंय, म्हणून त्याच्याकडून जॉबचं ड्रॉइंग करून घ्यायचं, हे सर्रास चालतं. शैक्षणिक लायसन्स फक्त शिकण्या-शिकवण्यासाठी असतं. बिल फाडलं जाणार आहे असं कुठलंही काम त्यात बसत नाही.

'फ्री' लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी फक्त वैयक्तिक वापरासाठी फ्री असतात. लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवू देणारे टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही रोजची उदाहरणं. धंद्यात वापर होतोय असा संशय आला की टीमव्ह्यूअर दर थोड्या वेळाने जोडणी तोडतं. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचं जास्त फसवं आहे. मूळ प्रोग्रॅम जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, कुठेही वापरा. त्याचं 'एक्स्टेन्शन पॅक' मात्र वेगळ्या लायसन्सखाली येतं, आणि धंद्यातल्या वापरासाठी त्याचे पैसे ओरॅकल मागतं. डाउनलोडच्या पानावर दोन्ही एकाखाली एक असतात, त्यामुळे सोबत ते पॅकही घेतलं जातं. फायली झिप करणाऱ्या विनरारची फुकट वापराची मुदत ४० दिवसांची आहे. त्याऐवजी ७-झिप टाका, प्रश्न मिटला.

सॉफ्टवेअर कंपनीकडून 'कंप्लायन्स'चा, म्हणजे लायसन्स तपासणीचा, मेल आला. काय करायचं?

आधी मेल खरा आहे का बघा. पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा आणि मेलमधल्या लिंकवर न जाता कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. धाक दाखवून पैसे उकळणारे बनावट मेलही फिरतात.

खरा असेल तर घाईने मशीन फॉरमॅट मारू नका. डिझाइनची अनेक सॉफ्टवेअर चालू झाली की कॉम्प्युटरचं नाव, नेटवर्क कार्डचा क्रमांक, ईमेलचं डोमेन ही माहिती कंपनीकडे पाठवतात. ती तारखांसकट त्यांच्याकडे असते. तुमच्याकडचं पुसून त्यांच्याकडची नोंद जात नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा आरोप अंगावर येतो.

मग यादी करा: कुठल्या मशीनवर कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, बिल कुठे. जुनी बिलं बहुतेकदा सीएकडे किंवा जीएसटीच्या फायलीत सापडतात. उत्तर एकाच माणसाने आणि लेखीच द्यायचं. फोनवर "हो, चार मशीनवर आहे" असं अंदाजाने सांगू नका. नोंद त्याच आकड्याची होते. मागितलेली रक्कम ही सुरुवात असते, त्यावर बोलणी होतात. कंपनीला बहुधा लायसन्स विकण्यात रस असतो. रक्कम लाखांत गेली तर सही करण्याआधी कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला कागद दाखवाच.

ओपन सोर्स म्हणजे फुकट आणि बिनअटीचं?

बहुतेक वेळा फुकट, बिनअटीचं मात्र जवळजवळ कधीच नाही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅम लिहिलेला मूळ मजकूर, बघायचा, बदलायचा, वाटायचा हक्क मिळतो आणि त्याबदल्यात काही पाळावं लागतं. नुसतं वापरणाऱ्याला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. अटी लागतात त्या बदलून दुसऱ्याला देताना. लिब्रेऑफिसमध्ये केलेलं कोटेशन, इंकस्केपमध्ये केलेला लोगो हे पूर्णपणे तुमचंच असतं, त्यावर त्या प्रोग्रॅमच्या लायसन्सचा काही हक्क लागत नाही.

ऑटोकॅड परवडत नाही. फ्रीकॅड किंवा लिब्रेकॅडवर भागेल का?

टू-डी लेझर कटिंग, प्लेटची ड्रॉइंग, फिक्स्चर यासाठी भागतं. अडतं ते डीडब्ल्यूजी फाईलपाशी, आणि त्यामागचं कारण लायसन्सच आहे.

डीडब्ल्यूजी हा ऑटोडेस्कचा स्वतःचा फॉरमॅट, त्याची आतली रचना त्यांनी जाहीर केलेली नाही. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पवाल्यांनी ती उलगडून लिब्रेडीडब्ल्यूजी ही लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) लिहिली आणि जीपीएल आवृत्ती ३ खाली दिली. लिब्रेकॅड मात्र जीपीएल आवृत्ती २ खाली आहे. दोन्ही मुक्त, दोन्ही जीपीएल, तरी एकाच प्रोग्रॅममध्ये जोडून वाटता येत नाहीत, कारण आवृत्ती ३ मध्ये ज्यादा अटी आहेत आणि आवृत्ती २ ज्यादा अटी चालवून घेत नाही. म्हणून लिब्रेकॅडला दुसऱ्या लायब्ररीवर भागवावं लागलं आणि त्याचं डीडब्ल्यूजी वाचन अपुरं राहिलं. फ्रीकॅड बाहेरचा वेगळा कन्व्हर्टर वापरून ही अडचण टाळतं, तो कन्व्हर्टर तुम्हाला स्वतंत्र टाकावा लागतो.

व्यवहारात असं करा. पार्टीकडून डीएक्सएफ (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा ड्रॉइंगचा फॉरमॅट) आणि सोबत पीडीएफ मागवा. डीएक्सएफ उघडल्यावर माहीत असलेलं एक माप, समजा फ्लँजचा बाहेरचा व्यास, मोजून पीडीएफशी ताडा. २५.४ पटीने फरक दिसला तर फाईल इंचात आहे आणि तुम्ही ती मिलिमीटरमध्ये उघडली आहे. मग व्यासाची आणि टॉलरन्सची चिन्हं बघा. ऑटोकॅडचे एसएचएक्स फॉन्ट तुमच्या मशीनवर नसतील तर तिथे भलतीच चिन्हं येतात किंवा जागा रिकामी दिसते. रेषा बरोबर आणि टॉलरन्स गायब अशी फाईल मशीनवर गेली तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो.

थ्री-डीसाठी स्टेप फाईल मागवा. त्यात आकार नेमका येतो, तो कसा घडवत आणला त्याचा इतिहास येत नाही. म्हणजे पॅटर्नला ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठीचा उतार) किंवा आकुंचनाची सूट द्यायची तर ती तयार आकारावर नव्याने द्यावी लागते. फ्रीकॅड १.० नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. त्यात असेंब्लीसाठी स्वतंत्र वर्कबेंच आहे आणि मॉडेल बदलल्यावर पुढचे संदर्भ तुटण्याचा जुना त्रास बराच कमी झाला आहे. तरीही पाच-अक्षांच्या मशीनिंगसाठी किंवा मोठ्या उत्पादक कंपन्यांच्या गुंतागुंतीच्या असेंब्लीसाठी ते पुरेल असं आम्ही सांगणार नाही. तिथे एका मशीनपुरतं विकतचं लायसन्स घ्या आणि बाकी टेबलांवर खुली सॉफ्टवेअर चालवा.

प्रेसमध्ये पंधरा-वीस वर्षांच्या मराठी फायली जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. त्या बाहेर कशा काढायच्या?

लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, सगळ्यांची हीच कथा आहे. जुन्या लिपी पॅकेजांत मराठी मजकूर आतून मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नाही, डोंगल (लायसन्सची कॉम्प्युटरला लावायची किल्ली) हरवला किंवा पॅकेज नव्या विंडोजवर चालेना, की पडद्यावर नुसती खिचडी.

पहिलं काम, जुनं चालू मशीन मोडीत काढू नका. त्यावरून प्रत्येक फाईलची फॉन्टसह पीडीएफ काढा. तेवढ्याने छापण्यापुरतं काम भागतं. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सगळीकडे सारख्या असणाऱ्या क्रमांकांत, न्यावा लागतो. प्रत्येक फॉन्टकुळीचे क्रमांक वेगळे, म्हणून कन्व्हर्टरही त्याच कुळीचा लागतो.

चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उलटं, वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. त्यामुळे 'आर्थिक', 'वार्षिक' असे रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर असलेले शब्द मोडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यातला अर्धा ऱ सुद्धा हमखास बिघडतो. कन्व्हर्ट केल्यावर अख्खं वाचण्याआधी हेच शब्द शोधून बघा. ते नीट असतील तर बाकीचं बहुधा नीट असतं. आकडे मात्र एकेक तपासा, ताळेबंदातला एक आकडा बदलला तर पतसंस्था तुम्हाला सोडणार नाही.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ मधली. इनडिझाइनने सीएस६ पर्यंतच पेजमेकरच्या फायली उघडल्या, पुढे सोय काढून टाकली. लिब्रेऑफिस आणि स्क्रायबस पेजमेकरच्या काही फायली उघडतात, मांडणी मात्र विस्कटते.

नव्या कामासाठी फॉन्ट कुठले? फॉन्टलाही लायसन्स असतं का?

असतं, आणि प्रेसवाले सगळ्यात जास्त इथेच बेफिकीर असतात. विंडोजबरोबर येणारे मंगल, निर्मला हे फॉन्ट त्या विंडोजवर काम करताना वापरा. उचलून लिनक्सच्या मशीनवर किंवा गिऱ्हाइकाच्या ॲपमध्ये टाकता येत नाहीत.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बालू', गूगलचा नोटो, रेड हॅटचा लोहित हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छपाई, फ्लेक्स, वेबसाइट, ॲप, कशातही वापरा, पैसे नाहीत. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. बदल करून वाटायचा असेल आणि मूळ नाव राखून ठेवलेलं असेल तर नवं नाव द्यायचं.

छपाईच्या मांडणीला स्क्रायबस १.६ पासून देवनागरी जोडाक्षरं नीट दाखवतं आणि सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची) पीडीएफही देतं. इंकस्केप मुळात आरजीबीवर, म्हणजे पडद्याच्या रंगांवर, चालतं. त्यातून थेट ऑफसेटला पाठवलं की लाल-भगवा मळकट येतो.

टॅली सोडून ओपन सोर्स हिशोब करावा का?

फर्म प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर करता येतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एक नियम आधी बघा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा तारखेसह माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. नूकॅश हे ओपन सोर्स हिशोबाचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण या अटीत बसत नाही. मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ खाली आहे आणि साठा, उत्पादन, जीएसटी सगळं सांभाळतं. मात्र ते बसवायला आणि चालवायला जाणकार माणूस लागतो. बदलण्याआधी तुमच्या सीएशी बोला, ऑडिट रिपोर्टवर सही त्यांची असते.

टॅलीत राहणार असाल तर एवढं माहीत असू द्या: वार्षिक टीएसएस (अपडेट आणि सेवांची वर्गणी) संपलं तरी कायमस्वरूपी लायसन्स चालूच राहतं. अपडेट आणि ऑनलाइन सेवा थांबतात.

आम्ही कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देतो. जीपीएलचा कोड बदलून दिला तर सगळ्या जगाला दाखवावा लागतो का?

सगळ्या जगाला नाही. ज्याला प्रोग्रॅम दिला त्याने मागितला तर त्याला सोर्स द्यावा लागतो. पैसे घेता येतात, कितीही. "हा कोड दुसऱ्या कुणाला देऊ नका" असं करारात घालता येत नाही. प्रोग्रॅम तुमच्याच सर्व्हरवर ठेवून गिऱ्हाइकाला फक्त ब्राउझरमधून वापरायला दिला तर जीपीएलनुसार ते वाटप धरत नाहीत. एजीपीएलमध्ये ही पळवाट बंद आहे: बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळायला हवा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे आयटेक्स्ट. जावामधून बिलाची पीडीएफ काढायला पुष्कळ जण ती लायब्ररी घेतात. २००९ मध्ये आवृत्ती ५ पासून ती एजीपीएल झाली. तुमच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कुणाला द्यायचा नसेल तर एकतर त्यांचं विकतचं लायसन्स घ्या नाहीतर जुन्या कोडवरून पुढे आलेली ओपनपीडीएफ वापरा. एमआयटी आणि अपाची लायसन्सचं सोपं असतं. कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं.

मशीनच्या पॅनेलमध्ये रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर) टाकून विकतो. काही करावं लागतं का?

हो. त्यातलं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल २ खाली आहे, मशीनबरोबर तुम्ही तेही वाटताय. मॅन्युअलमध्ये एक पान घाला: कुठले प्रोग्रॅम, कुठली लायसन्स, आणि सोर्स मागितल्यास किमान तीन वर्षं देऊ असं लेखी आश्वासन. ज्या दिवशी कार्डाची इमेज केली त्याच दिवशी तिचा सोर्स हार्ड डिस्कवर काढून ठेवा. पुढे नेमकी तीच आवृत्ती शोधणं फार अवघड जातं. तुमचा स्वतःचा वेगळा कंट्रोल प्रोग्रॅम कर्नलवर नुसता चालतो म्हणून जीपीएल होत नाही.

जावाचे पैसे कधी लागतात?

ओरॅकलच्या जावा ८ ची एप्रिल २०१९ पासूनची अपडेट धंद्यात वापरायची तर लागतात. जानेवारी २०२३ पासून दर ठरतो तो एकूण कर्मचाऱ्यांवर, वापरणाऱ्यांवर नाही. अर्धवेळ आणि कंत्राटीसुद्धा धरतात. मोल्डिंगवरच्या ज्या कामगाराने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, तोही मोजला जातो. ओपनजेडीके, म्हणजे जावाची ओपन सोर्स आवृत्ती, टाका, उदाहरणार्थ टेमुरिन. जवळजवळ सगळे प्रोग्रॅम त्यावर तसेच चालतात.

ओपन सोर्स प्रोजेक्टने मध्येच लायसन्स बदललं तर आमचं काय?

घेतलेली आवृत्ती जुन्याच लायसन्सखाली राहते, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे पॅच नव्या अटींवर येतात, खरी अडचण तिथे होते. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये बदललं, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. त्यांचा रोष होता मोठ्या क्लाउड कंपन्यांवर: कोड आम्ही लिहायचा आणि सेवा विकून पैसे त्यांनी कमवायचे. तक्रार अगदीच निराधार नव्हती, पण भरवशावर बसलेले छोटे लोकही त्यात भरडले गेले. मग जुन्या कोडवरून ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की असे फाटे निघाले. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला.

निवड करताना कोडची मालकी कुणाची ते बघा. एकाच कंपनीकडे असेल आणि योगदान देणाऱ्यांकडून हक्क लिहून घेतले जात असतील तर ती कंपनी उद्या लायसन्स बदलू शकते. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा लिनक्ससारख्या, मालकी हजारो हातांत असलेल्या प्रोजेक्टमध्ये ते जवळपास अशक्य असतं.

प्रोग्रॅम लिहायचा एडिटर व्हीएस कोड ओपन सोर्स आहे ना?

सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे. आपण डाउनलोड करतो तो तयार प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सखाली येतो, आणि त्यांचं एक्स्टेन्शनचं दालन त्यांच्याच प्रोग्रॅमना वापरता येतं. पूर्ण मुक्त हवं तर व्हीएसकोडियम. त्यात काही एक्स्टेन्शन मिळत नाहीत.

विंडोज १० चा सपोर्ट संपला, मशीन ११ घेत नाही. लिनक्स टाकू का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा सपोर्ट संपला. ऑफिसकाम आणि ब्राउझरपुरत्या मशीनवर जरूर टाका. आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता. तपासायचं ते असं: डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, बारकोड आणि बिलाचा प्रिंटर छापतो का, सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारं सॉफ्टवेअर कुठलं. यातलं एकही अडलं तर ते मशीन विंडोजवरच ठेवा, आणि सीएनसीचं असेल तर इंटरनेटपासून तोडा.

खरेदीच्या वेळी बिलावर काय लिहून घ्यायचं?

सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, लायसन्सचा प्रकार, किती मशीन किंवा किती माणसं, मुदतीची तारीख, सिरियल नंबर, आणि तुमचा जीएसटी क्रमांक, म्हणजे १८ टक्के कराचं क्रेडिट नियमाप्रमाणे घेता येईल. "कॉम्प्युटर विथ सॉफ्टवेअर" एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. लायसन्सचं खातं दुकानदाराच्या किंवा नोकरी सोडून जाणाऱ्या ऑपरेटरच्या ईमेलवर काढू देऊ नका. फर्मच्या नावाचा वेगळा ईमेल करा, आणि त्याचा पासवर्ड मालकाकडे ठेवा.